सांगून ठेवलेलं

“पंखा बंद करा गं कुणीतरी,” माईंच्या सूनबाई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना वर करून छताकडे पाहिलं.

मे महिना, नाशिकातलं जुनं घर, दुपारची वेळ. माई नुकत्याच गेल्या होत्या. वय नव्वदीला टेकलेलं, त्यामुळे रडारड फारशी नव्हती. त्यांना पलंगावरून खाली घेतलं होतं, डोक्याशी कणकेचा दिवा लावला होता, तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीपत्र घालून झालं होतं. इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मग सूनबाईंनी माईंच्या डोक्याखाली दोन उश्या दिल्या, पापण्या नीट मिटल्या आहेत ना ते बोटाने हलकेच चाचपून पाहिलं, स्वच्छ कापूस पाण्यात भिजवला, पिळला आणि त्याच्या दोन घड्या डोळ्यांवर ठेवल्या. पंखा त्यासाठीच बंद करायचा होता. वाऱ्याने बुबुळं सुकतात. पंखा थांबला आणि खोलीत एकदम उकडायला लागलं. बायका पदराने वारा घेत बसून राहिल्या.

शेजारच्या एका आजींना हे काही रुचलं नाही. “डोळे काढून नेणार? मग पुढच्या जन्मी कसं व्हायचं तिचं?” त्या पुटपुटल्या. पुटपुटणं असं होतं की सगळ्यांना ऐकू जावं. सूनबाईंनी कापूस सारखा करता करताच उत्तर दिलं, “आईंनी सांगून ठेवलंय.” त्यावर आजी गप्प झाल्या. वाद घालायला जागाच उरली नाही. थोड्या वेळाने नेत्रपेढीची दोन माणसं बर्फाची छोटी पेटी घेऊन आली. त्यांनी मुलाची सही घेतली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, दार लोटून घेतलं, आणि चहा व्हायच्या आत ती परतही निघाली. दार उघडल्यावर आजीच सगळ्यांत आधी आत गेल्या. माईंचा चेहरा होता तसाच होता. आजींनी तो नीट न्याहाळला आणि काही न बोलता जपमाळ हातात घेतली.

मला त्या दिवसातलं सर्वांत जास्त लक्षात राहिलं ते सूनबाईंचं ते एवढंसं वाक्य. आपल्या घरांतून म्हातारी माणसं किती काय काय सांगून ठेवत असतात! मला नेसवायचं ते हिरवं लुगडं, फडताळात वरच्या कप्प्यात आहे. पाटल्या धाकटीला द्या, थोरलीला गोठ दिलेत. तेराव्याला गाव जेवू घालू नका, तेवढे पैसे शाळेला द्या. अस्थी रामकुंडात नको, आपल्या मळ्यात आंब्याखाली पुरा. हे सगळं सांगायला त्यांना वकील लागत नाही. दुपारी भाजी निवडताना, रात्री पाय चेपून घेताना, मधेच एखादं वाक्य टाकून देतात. ऐकणारा “काय हे आई” म्हणून झटकून टाकतो, पण विसरत नाही. वेळ येते तेव्हा ते वाक्य घरातल्या कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडतं आणि सगळ्या भावकीला ते मानावं लागतं.

नानाजी देशमुखांनीही असंच सांगून ठेवलं होतं. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचा हा माणूस 2010 मध्ये चित्रकूटला गेला आणि त्याचा देह दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी पोचला. त्यांच्यासारखे अनेक लोक देहदानाचे अर्ज भरतात आणि त्यांची मुलं बाप गेल्यावर अंत्ययात्रा स्मशानाऐवजी मेडिकल कॉलेजच्या दारात नेतात. घरी आलेल्या मरणानंतर एवढं देता येतं: सहा तासांच्या आत डोळे, त्वचा, किंवा मग अख्खा देह. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात त्वचापेढी आहे, तिथली कातडी भाजलेल्या माणसांच्या अंगावर पांघरली जाते. पण हृदय, यकृत, मूत्रपिंडं, फुप्फुसं यांचं तसं नाही. हृदय थांबलं आणि रक्त फिरायचं राहिलं की ती काही वेळातच निकामी होतात. ती देता येतात मेंदू मेल्यावर, आणि तेही माणूस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना. असं मरण नव्वदीतल्या माईंच्या वाट्याला सहसा येत नाही. ते बरेचदा हायवेवर, मोटरसायकलवरून पडलेल्या पोराच्या वाट्याला येतं. ज्या वयात कुणी काही सांगून ठेवत नाही, नेमक्या त्या वयातल्या माणसाबद्दल घरच्यांना विचारलं जातं.

असं विचारताना मी पाहिलंय. आमच्या लांबच्या नात्यातला मुलगा होता, दौंडकडचा. कामावरून परतताना ट्रकने उडवला. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याला आणलं तेव्हा डोक्याला मार होता, बाकी अंगावर खरचटण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. बाहेरच्या बाकांवर त्याच्या घरचे बसून होते. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी फोनवर गावाकडे तेच तेच पुन्हा सांगत होतं. आत एका वेळी एकालाच सोडायचे. आई आत गेली की पायथ्याशी उभी राहायची आणि चादरीखालून त्याचे तळपाय धरायची. बाहेर येऊन दर वेळी सांगायची, “पाय गरम आहेत.”

पाय गरमच होते. छाती खालीवर होत होती, पडद्यावर हृदयाची रेघ पळत होती, लघवीची पिशवी भरत होती. आणि डॉक्टर सांगत होते की मेंदूचं खोड मेलंय, आता हा परत येणार नाही. आपल्याकडे जन्म-मरणाची ओळख श्वासाने होते. नाकाशी सूत धरून बघायची आपली रीत. श्वास चालू असताना माणूस गेला, हे त्या माउलीने कसं मानावं? कायद्याने हे मरण 1994 साली मान्य केलं. चार डॉक्टरांनी मिळून तपासायचं, त्यांतला कुणीही प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी नको, तपासणी दोनदा करायची आणि दोन्हींत किमान सहा तासांचं अंतर ठेवायचं, असा दंडक आहे. तपासताना व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करतात आणि माणूस आपणहून एक तरी श्वास घेतो का ते पाहतात. तो दंडक तसा का आहे हे त्या बाकांवर बसल्यावर कळलं. किडन्या विकत घेतल्याच्या, फसवून काढल्याच्या बातम्या लोकांनी ऐकलेल्या असतात. “यांना अवयव पाहिजेत म्हणून तर पोराला सोडत नसतील?” असं आमच्यातलंही एक जण बोलून गेलं. त्याचा राग कुणाला आला नाही. ते सहा तास कुटुंबाच्याही कामी येतात. पहिल्या तपासणीनंतर आई पाच-सहा वेळा आत जाऊन आली, आणि शेवटच्या एक-दोन वेळा बाहेर आल्यावर पाय गरम आहेत असं म्हणाली नाही.

दुसरी तपासणी झाल्यावर अवयवदानाचं काम पाहणारी कोऑर्डिनेटर आली. तिशीची मुलगी, साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात ओळखपत्र. आई फरशीवर बसली होती, तर तीही फरशीवर बसली. तिने घाई केली नाही. मुलगा काय करायचा, जेवायला काय आवडायचं, असं विचारत राहिली, आणि मग तिने तो प्रश्न विचारला. पुराणातल्या दधीचींची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. देवांनी अस्थी मागितल्या, ऋषींनी दिल्या, त्यांचं वज्र झालं. पण देव प्रत्यक्ष दधीचींकडे गेले होते. ज्यांची हाडं, त्यांनाच विचारलं आणि त्यांनीच हो म्हटलं. इथे ज्याचं शरीर तो बोलू शकत नव्हता, आणि त्याच्या वतीने बोलायचं होतं फरशीवर बसलेल्या बाईने, जिने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता.

आईने एकच विचारलं, “त्याला दुखंल का?” मुलगी म्हणाली, “नाही मावशी. आता त्याला काहीच दुखत नाही.”

एवढ्यात गावाकडून जीप आली. चुलते, मामा, सोसायटीचे चेअरमन, भावकीतली चार जाणती माणसं. कागदावर सही आईवडिलांची लागते, पण आपल्याकडे अशा वेळी निर्णय एकट्या आईवडिलांचा कधीच नसतो. थोरले चुलते म्हणाले, “पोरगं जसं गेलं तसं परत न्यायचं. चिरफाड नको.” कुणीतरी म्हणालं, अपघाताची केस आहे, पोस्टमॉर्टेम तर होणारच. चुलत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो माणूस पाणी आणायच्या निमित्ताने निघून गेला. बोलण्यात खोट नव्हती, पण वेळ हिशेबाची नव्हती. मग बराच वेळ सगळे नुसते बसून राहिले. त्या शांततेत प्रत्येक जण एकच गोष्ट शोधत होता: हा कधी काही बोलला होता का? बहिणीला विचारलं, मित्रांना फोन लावून विचारलं. तो काहीच बोलला नव्हता. वय वर्षं सव्वीस, तो कशाला बोलेल?

शेवटी वडील बोलले. तोवर त्यांचा आवाजच कुणी ऐकला नव्हता. “शिवजयंतीला मंडळाचं शिबिर असतंय. दरसाली पहिला नंबर त्याचा. एकदा अंगात ताप होता तरी गेला, डॉक्टरांनी माघारी लावला तर दिवसभर घुश्श्यात होता.” एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, “रक्त देत होता, मग हेबी दिलं असतं त्यानं.” चुलत्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान हलवली.

मुलाने सांगून ठेवलं नव्हतं, म्हणून बापाने त्याच्या जगण्यातून त्याचा शब्द शोधून काढला. केवढं अवघड काम होतं ते! आणि किती थोडक्यात निसटलं असतं. त्या गावात शिबिर नसतं, किंवा तो घुश्श्याचा दिवस वडिलांना आठवला नसता, तर काय झालं असतं, हे मी नंतर कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. चुलत्यांचं “नको” तितकंच मायेपोटी होतं. नाही म्हणणाऱ्यांकडे बोट दाखवावं असं मला कधी वाटलं नाही. ज्याला काहीच ठाऊक नाही तो माणूस आपलं लेकरू जपायला बघणार, हेच साहजिक आहे.

सही झाल्यावरही काही तास जातात. रक्ताच्या तपासण्या, यादीतल्या माणसांशी जुळवाजुळव, पोलिसांचा पंचनामा. पूर्वी सूर्य मावळल्यावर शवविच्छेदन होत नसे, त्यात रात्र जायची. 2021 पासून अवयवदानासाठी रात्रीही ते करायला परवानगी मिळाली, म्हणून घरच्यांची एक रात्र तरी वाचते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे प्रतीक्षायाद्या असतात. कोणता अवयव कुणाला, हे त्या यादीवरून ठरतं. हृदयाला चारेक तास मिळतात, यकृताला त्याहून जास्त, मूत्रपिंडं दिवसभर टिकतात. पहाटे वेगवेगळ्या पेट्या वेगवेगळ्या गाड्यांतून निघाल्या. एका गाडीसाठी चौकाचौकात पोलीस उभे होते. दूधवाले, पेपरवाले, पहिली बस पकडायला निघालेले लोक कडेला थांबले आणि गाडी गेल्यावर आपापल्या वाटेला लागले.

मला त्या पहाटे केईएमची आठवण झाली. 16 फेब्रुवारी 1968 रोजी, केपटाउनच्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, परळच्या त्या पालिका रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बसवलं. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी आपल्याकडे मेंदूमरणाचा कायदा नव्हता, अवयव शरीराने नाकारू नये म्हणून आजच्यासारखी औषधं नव्हती. मग मुंबईत कितीतरी वर्षं तो विषय थांबला, आणि 2015 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दान झालेलं हृदय मुंबईत मुलुंडला पोचलं आणि तिथे एका तरुणाच्या छातीत धडधडू लागलं. डॉक्टरांचं कसब, औषधं, कायदा, रस्ता, विमान, सगळं या चार-पाच दशकांत तयार झालं. पण या सगळ्याची सुरुवात आजही तिथेच होते, रुग्णालयाच्या फरशीवर, कुणाच्या तरी होकारापाशी.

गावी दशक्रियेला मी गेलो होतो. भीमेच्या घाटावर पिंड मांडले आणि सगळे मागे सरून उभे राहिले. त्या दिवशी लोकांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. गावात कुजबुज होती की अर्धं शरीर जाळलंय, कावळा शिवायचा नाही. कावळे लिंबावर बसून होते, खाली उतरत नव्हते. उन्हं वर आली. आई पदर तोंडाला लावून पाहत होती. मग थोरले चुलते पुढे झाले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, “बहिणीचं लग्न मी लावतो. काळजी करू नको.” थोड्या वेळाने एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. कावळा का उतरला हे मी सांगू शकत नाही. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाला, “राजी होतं पोरगं.” त्यानंतर त्या गावात त्या विषयावर कुजबुज झाली नाही. पुढच्या शिवजयंतीला मंडळाने रक्तदानाच्या टेबलाशेजारी दुसरं एक टेबल मांडलं, अवयवदानाच्या अर्जांचं. ते टेबल थोरल्या चुलत्यांनी सांभाळलं.

घेणारा कोण, हे देणाऱ्यांना सांगत नाहीत. नियमच तसा आहे आणि त्यामागे विचार आहे. उपकाराचं ओझं दोन्हीकडे माणसाला वाकवतं. वडिलांनी पेपरातल्या बातमीचं कात्रण पाकिटात ठेवलं आहे. त्यात मुलाचं नाव नाही, कुठल्या शहरात कोणता अवयव गेला एवढंच आहे. एसटीत बाजूला कुणी तरणं माणूस येऊन बसलं की आपण त्याच्याशी जरा जास्तच बोलतो, असं ते मला एकदा म्हणाले. “कोण असंल, काय सांगावं,” म्हणाले. आपली भावकी आपल्याला जन्माने मिळते, तिच्यात कुणाला घ्यायचं हे आपल्या हातात नसतं. या बापाच्या भावकीत आता चार-पाच अनोळखी घरं आहेत, आणि ती कोणती हे माहीत नसल्यामुळे तो सगळ्यांशीच नीट वागतो.

जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा देणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे देणारी व्यक्ती बोलू शकते. तरीही तिचा शब्द नीट ऐकला जातो का, अशी शंका मला डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बसल्यावर येते. देणाऱ्यांत आया, बायका, बहिणी जास्त दिसतात आणि घेणाऱ्यांत पुरुष. आईने लेकाला द्यावं यात विचारायचं काय, असं सगळे धरूनच चालतात. खूपदा ती खरोखर आनंदाने देते, त्यात शंका नाही. पण सासरच्या पाच माणसांदेखत विचारलं तर सून दुसरं काय सांगणार? मंजुरी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत असते, तिचं चित्रीकरण होतं. त्याआधी घरातल्याच एखाद्या शहाण्या माणसाने तिला बाजूला घेऊन विचारायला हवं, की तुला मनापासून वाटतं ना? आणि ती नाही म्हणाली तर ते झेलायचीही तयारी ठेवायला हवी. होकाराला मोल येतं ते नकाराची मोकळीक असते म्हणून.

माणसं तरुणपणी या गोष्टी बोलत नाहीत याचं मुख्य कारण मोठी माणसं. पोरगं जरा काही बोलायला लागलं की “शुभ बोल रे नाऱ्या” म्हणून आपण त्याला गप्प करतो. मरणाचं नाव घेतल्याने मरण येत असतं तर आपल्या म्हाताऱ्या माणसांनी लुगड्यांची आणि पाटल्यांची वाटणी करता करता शंभरी गाठली नसती. अर्ज भरणं सोपं आहे. आधार कार्ड असलं की मोबाइलवरही भरता येतो. पण अर्ज भरलेला असला तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून कार्ड पाकिटात असण्याइतकंच ते घरच्यांच्या कानावर असणंही गरजेचं आहे.

तेव्हा वाचकहो, आज रात्री जेवताना सांगा. माझे डोळे द्या, वेळ तशी आली तर बाकीचंही द्या, मी राजी आहे, असं साध्या शब्दांत सांगा. द्यायचं नसेल तर तेही सांगा, म्हणजे मागे राहिलेल्यांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही. आणि तुमच्या पंचविशीतल्या मुलाने किंवा मुलीने उद्या हा विषय काढला, तर “अभद्र बोलू नकोस” म्हणून त्यांचं तोंड बंद करू नका. हातातला घास खाली ठेवा आणि पूर्ण ऐकून घ्या.